राखणीचा घास

त्या राज्यात टोळ फार माजले होते, आणि त्यामुळे ज्यांना ज्यांना पंख होते त्या सर्वांना दिवसभर घरट्याबाहेर राहावे लागे.

टोळ आले कुठून, याबद्दल एकमत नव्हते. कोणी म्हणत, ते वाळूच्या प्रदेशातून आले. कोणी म्हणत, ते पहिल्यापासून इथल्याच मातीत होते, आपण पाहिले नाही इतकेच. दरबाराने कोणतेच मत स्वीकारले नाही, त्याने हुकूम काढला. प्रत्येक थव्याने दरबाराच्या शेतांवर टोळ वेचावेत, वेचलेला टोळ तिथेच जमा करावा, आणि जो पाळी चुकवील त्याने आपले झाड सोडावे. हुकूम कठोर होता, पण अन्यायाचा होता असे म्हणवत नाही. टोळांनी खरोखरच पाने फस्त केली होती, आणि पानांबरोबर अळ्याही गेल्या होत्या. पूर्वी झाडाखालच्या पाचोळ्यात चोच घातली की काही ना काही हाती लागे. आता नुसती माती लागे.

घरट्यांतल्या पिल्लांचे काय, हा प्रश्न दरबारात कोणीतरी विचारला. कोणी, ते आता कोणाला आठवत नाही. त्यातून राखणीचा घास निघाला. आई शेतावर असताना पिल्लाजवळ जो बसेल, त्याच्यापुढे दरबाराच्या साळुंक्या रोज सकाळी अळ्या आणून टाकत. राखणदाराने त्या दिवसभर पिल्लाला भरवायच्या. व्यवस्था चांगली होती. एक सबंध ऋतू ती चालली, आणि त्या ऋतूत कोणाचे पिल्लू उपाशी राहिल्याचे ऐकिवात नाही.

मग पावशाच्या पिल्लाचे प्रकरण झाले. नदीपलीकडच्या एका घरट्यात परक्या अंड्यातून निघालेले एक पिल्लू सापडले. राखणीचा घास खाऊन ते आपल्या राखणदाराहून मोठे झाले होते. काहींच्या मते असे पिल्लू एकच होते. काहींच्या मते अशी घरटी ठिकठिकाणी होती, फक्त सापडली नव्हती. दुसरे मत खोडून काढणे अवघड होते, कारण जे सापडलेले नाही ते नाहीच, हे कोण सिद्ध करणार? दरबाराने पारखी नेमले.

पारखी म्हणून हुदहुद्यांची निवड झाली. ते जमिनीवरून सावकाश चालतात, चालताना माती टोचून पाहतात, आणि डोक्यावर तुरा असल्यामुळे काही न करतासुद्धा अधिकारी दिसतात. एखादी गोष्ट खटकली की त्यांचा तुरा उभा राहतो. तो त्यांनी मुद्दाम उभा केलेला नसतो, असे ते सांगतात, आणि ते बहुधा खरे असावे. त्यांना दरबाराची एक सूचना होती: ज्या घरट्यावर पुष्कळांची ये-जा दिसेल, ते घरटे आधी तपासावे.

या सूचनेमुळे पारखी सर्वांत आधी सातभाईंच्या झाडाकडे वळले.

सातभाई हे मातकट रंगाचे, बडबडे, सदा घोळक्याने राहणारे पक्षी. त्यांच्यात पिल्लू एकीचे नसते. अंडे एक मादी घालते, पण घास सगळे आणतात, उबेला कोणीही बसते, आणि ‘हे कोणाचं?’ असे विचारले तर प्रत्येकजण ‘माझं’ म्हणतो. यात फसवणूक नव्हती. ‘माझं नाही’ असे पिल्लाबद्दल म्हणणे हीच त्यांच्यात शिवी होती. त्यांच्या पिल्लांनाही दुसरे काही ठाऊक नसे. फांदी हलली की ती चोच उघडत, मग येणारे कोणी का असेना.

त्या झाडावर त्या वेळी एकच पिल्लू होते. त्याच्या आईचे नाव करडी. पिल्लाचा बाप सीमेवरच्या शेतात होता आणि मोसम संपेपर्यंत परतणार नव्हता. करडी उजाडता शेतावर जाई, अंधार पडता येई. तिच्या मागे पिल्लाजवळ थोरली आत्या बसे. आत्याचा एक पंख जुन्या दुखापतीने अधू होता. तिला लांब उडता येत नसे, म्हणून तिला शेताची पाळी माफ होती. तिच्या हाती राखण होती आणि राखणीचा घास होता, आणि दोन्हींवर पिल्लाचा जीव होता.

हुदहुद्या आला तेव्हा दुपार होती. त्याने बुंध्याभोवती एक फेरी घातली, मग वर येऊन विचारले, “हे पिल्लू कोणाचं?”

“माझं,” आत्या म्हणाली.

“म्हणजे तुम्ही याची आई?”

“छे हो. आई गेलीय शेतावर. मी आत्या.”

“मग तुमचं कसं?”

“मग काय साहेब, शेजाऱ्याचं?”

इतक्यात तांबूकाका आला. तो थव्यातला एकटा, वयस्क नर, जरा तांबूस अंगाचा. चोचीत कुठूनसा मिळालेला वाळका मुंगळा होता.

“आणि हे कोणाचं?” हुदहुद्याने त्याला विचारले.

“माझं की! चोच बघा ना, थेट माझ्यासारखी वाकडी आहे.”

पिल्लाने काकापुढे आतला पिवळा रंग दिसेपर्यंत चोच उघडली. हुदहुद्या जवळून पाहण्यासाठी वाकला, तर पिल्लाने त्याच्यापुढेही तितकीच उघडली.

आत्याला हसू आवरेना. “बघा साहेब, तुम्हालाही घरचंच समजलं. आणलंय का काही?”

हुदहुद्याचा तुरा पूर्ण उभा राहिला. तो खाली उतरला आणि चालत निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साळुंकी त्या झाडावरून न थांबता पुढे गेली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

करडी शेताच्या बांधावर हुदहुद्याला भेटली. पारखी तिथे सावलीत बसत.

“साहेब, आमचा घास बंद झालाय.”

“तपासणीच्या वेळी आई हजर नव्हती.”

“मी कामावर होते.”

“असं तुम्ही म्हणता, बाई. हजर राहा. मी पुन्हा येईन.”

करडीने मावसबहिणीला आपल्या पाळीवर पाठवले आणि घरी थांबली. हुदहुद्या आला. तिला पाहून त्याचा तुरा हलला.

“आज कामावर नाही?”

“तुम्हीच थांबायला सांगितलंत ना?”

“हजर राहा म्हणालो. काम सोडा असं नाही म्हणालो. आई घरी असेल तर राखणदार कशाला हवा? आणि राखणदार नको तर घास कशाला?”

“म्हणजे हिनं अर्धं इथं असावं आणि अर्धं तिकडं?” आत्या मधेच बोलली. “डोक्याकडचं ठेवून घेऊ की शेपटाकडचं? सांगा, तशी सोय करू.”

हुदहुद्या हसला नाही. पण तो लगेच गेलाही नाही. नियम आपण तयार केलेला नाही, हे त्याला सांगायचे असावे. निदान तो थांबला होता तेवढा वेळ तसे वाटले.

दिवस जाऊ लागले. आत्या जवळपास उड्या मारत जाई आणि मुंग्या आणी. त्या आंबट असत आणि पिल्लाला वांत्या होत. तेवढ्या वेळात घरटे उघडे राही ते वेगळेच. थव्यातले बाकी सगळे टोळांच्या ढिगात दिवसभर उभे असत, पण त्यातला एक पायसुद्धा घरी नेता येत नसे, कारण बांधावर कोतवाल प्रत्येकाची चोच उघडून पाहत. पिल्लाची मान बारीक झाली. डोके तेवढे मोठे दिसू लागले.

करडी पुन्हा बांधावर गेली. या वेळी हुदहुद्या हलक्या आवाजात बोलला.

“माझ्यावरही पारखी आहे. त्या हिवराच्या झाडामागे बसलाय. बघू नका तिकडे.”

करडीने पाहिले नाही. हिवरामागे कोणी होते की नव्हते, हे त्यामुळे तिला कधीच कळले नाही, आणि त्यालाही कळले असेल असे नाही.

“एक मार्ग आहे,” तो म्हणाला. “खरं पिल्लू आपल्या आईला ओळखतं. आईशिवाय कोणापुढे चोच उघडत नाही. चंद्र भरला की मी येईन. चारजण घास घेऊन उभे करीन, त्यांत तुम्ही. पिल्लानं तुमच्यापुढेच चोच उघडली तर घास सुरू.”

“आमच्यात असं नसतं, साहेब. आमची पिल्लं सगळ्यांपुढे उघडतात.”

“मग तुमच्यात खरं-खोटं ओळखता कसं?”

आजवर हा प्रश्न करडीला पडलाच नव्हता. घरी परतताना तो तिच्याबरोबर आला. झाडावर पोचेपर्यंत तिला तो रास्तही वाटू लागला, आणि याची तिला भीती वाटली.

अंधार पडताना सातभाई एका फांदीवर एकमेकांना चिकटून ओळीने बसतात. त्या दिवशी तिथेच बोलणे झाले.

“म्हणजे पिल्लाला शिकवायचं, की आम्ही कोणी नाही?” तांबूकाका म्हणाला.

“चंद्र भरेपर्यंतच, काका.”

“आणि चोच उघडली तर? टोचायचं?”

“टोचायचं नाही,” आत्या म्हणाली. “घास दाखवायचा आणि द्यायचा नाही. आपोआप मिटेल. मी करते. माझ्यापुढेच ते जास्त उघडतं, तर मीच करायला हवं.”

“तुला जमेल?” काकाने विचारले.

“तुम्हाला तरी जमणार नाही. तुम्ही त्याला बघितलं की तुमचीच चोच उघडी पडते.”

सगळे हसले. त्या फांदीवर सगळे मिळून हसले ते त्या ऋतूत शेवटचे, असे नंतर सांगत. नंतर सांगणाऱ्यांना अशा गोष्टी नीट आठवतातच असे नाही.

शिकवणे सुरू झाले. आत्या मुंगी घेऊन काठावर बसे. पिल्लू चोच उघडत असे. आत्या मुंगी त्याच्या तोंडाशी नेई, परत घेई आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्वतः गिळे. मग त्याच्याकडे पाठ करून बसे. पिल्लू ओरडून ओरडून थके. पहिल्या दिवशी आत्याने गिळलेले सगळे झाडाच्या मागच्या बाजूला जाऊन ओकून टाकले, पण पिल्लाजवळ परतली ती चोच पुसून. जे काही खायला मिळे ते संध्याकाळपर्यंत राखून ठेवले जाई, आणि करडी आली की तिच्याच चोचीतून भरवले जाई. पिल्लू हुशार होते. थोड्याच दिवसांत आत्या आली की ते मान आत घेऊ लागले. थव्यातल्या बाकीच्यांनीही एकेक करून पाठ करून पाहिली, आणि एकेकासाठी ते चोच मिटायला शिकले; मग अनोळखी कोणी आले तरी मिटू लागले.

तांबूकाकासाठी मात्र शिकेना. तो दिसला की पिल्लू फडफडत काठाशी येई आणि चोच उघडत असे. आत्याला समजेना. काकाही आपल्यासारखीच पाठ करतो, हे तिने पाहिले होते.

करडीला संशय आला. एक दिवस ती शेतावरून लवकर निसटली आणि शेजारच्या करंजात लपून बसली. आपल्याच घरट्यावर अशी नजर ठेवताना तिला विचित्र वाटले, पण लपायला जागा चांगली होती, आणि तिथून सगळे दिसत होते. आत्या मुंग्यांसाठी खाली उतरली, तोच तांबूकाका आला. त्याने इकडेतिकडे पाहिले, पंखाखालून टोळाची एक तंगडी काढली आणि पिल्लाच्या चोचीत सारली. ती त्याने कोतवालांच्या नजरेतून कशी आणली, देव जाणे. सापडला असता तर झाड सोडावे लागले असते, त्याला आणि कदाचित सगळ्यांना.

करडी करंजातून थेट त्याच्यापुढे येऊन बसली.

“काका, काय चाललंय?”

“अगं, भूक लागली होती त्याला. मान बघ त्याची. एवढीशी तंगडी, तिचं काय घेऊन बसलीस?”

“चंद्र भरत आलाय. तुमच्यामुळे त्याचा घास कायमचा जाईल.”

“आणि तोवर हे राहिलं नाही तर? काय दाखवणार पारख्याला? रिकामं घरटं?”

“ते मी बघीन.”

“तू बघशील? मी काय परका आहे? माझंच पिल्लू ते—”

“ते तुमचं नाही, काका.”

आत्या खालून वर येत होती, ती निम्म्या वाटेतल्या फांदीवर थांबली. तांबूकाकाने पिल्लाकडे पाहिले, मग करडीकडे, आणि मान हलवली, जणू एखादा पत्ता चुकला होता आणि आता त्याला बरोबर सांगितला गेला होता. त्या संध्याकाळी तो ओळीत बसला, पण टोकाला, आणि मध्ये एकाची जागा सोडून. ती जागा कोणी सरकून भरली नाही. नंतर काका घरट्याशी आलाच नाही, आणि पिल्लाने त्याची वाट पाहणे सोडले.

चंद्र भरला. हुदहुद्या आला. त्याने आत्याला, एका साळुंकीला, थव्यातल्या एका तरुण मादीला आणि करडीला, प्रत्येकीला एक एक ताजी अळी दिली. अळ्या दरबारच्या होत्या, गुबगुबीत आणि हिरव्या. घास बंद झाल्यापासून पिल्लाने तशी अळी पाहिली नव्हती. साळुंकी पुढे झाली. पिल्लाने चोच मिटलेली ठेवली. तरुण मादी पुढे झाली. ते मागे सरले. आत्या पुढे झाली तेव्हा त्याने डोळेही मिटून घेतले. आत्याने आयुष्यात कधी कोणाची परीक्षा दिली नव्हती, पण त्या क्षणी आपण उत्तीर्ण झालो हे तिला कळले. आपल्याला आनंद झाला आहे असे तिला वाटले. तिने तो नीट तपासून पाहिला नाही.

मग करडी पुढे झाली, आणि पिल्लाने चोच उघडली.

हुदहुद्याचा तुरा हळूहळू खाली बसला. तो बसल्यावर हुदहुद्या एकदम लहान आणि थोडा दमलेला दिसू लागला.

“मंजूर,” तो म्हणाला. “बाई, तुमच्यासारखी स्वच्छ पारख फार कमी मिळते. मी वर तसं सांगेन.”

“साहेब, उपकार झाले.”

“उपकार कसले? तुमचा हक्कच होता.”

त्याने वर तसे सांगितले, आणि त्याचा परिणाम लगेच झाला. ज्या आयांच्या राखणीची पारख निःसंशय झाली आहे, त्यांना घरची काळजी उरली नाही असे दरबार धरून चाले, आणि अशांना लांबच्या शेतावर नेमी. करडीला नदीपलीकडे पाठवण्यात आले. तिथून रोज परतणे शक्य नव्हते. टोळांची एक पूर्ण लाट वेचून झाल्यावरच सुटी मिळे. पूर्वी हा हुकूम आला असता तर ती घाबरली असती. आता तिने पिल्लाला पोटभर भरवले आणि आत्याला म्हणाली, “आत्या, आता तुम्हाला मुंग्यांमागे धावायला नको. सकाळी बसल्या जागी घास येईल.”

“जा बाई, निवांत जा,” आत्या म्हणाली. “ताजं-ताजं भरवीन. ओळखू येणार नाही इतकं गुटगुटीत करून ठेवते बघ.”

सकाळी साळुंकी थांबली आणि घरट्याच्या काठावर अळ्या टाकून गेली. आत्याने त्यांतली सर्वांत जाड अळी निवडली आणि पुढे झाली. पिल्लाने मान आत घेतली.

“खा रे बाळा. आता चालतं. आता मंजूर आहे.”

पिल्लाने तिच्याकडे एका डोळ्याने पाहिले. आत्या दुसऱ्या बाजूने गेली, तर ते तिसऱ्या बाजूला वळले. तिने अळी त्याच्यापुढे ठेवली आणि दूर सरली. पण स्वतःहून उचलून खाण्याचे त्याचे वय नव्हते. अळी वळवळत काठावरून खाली पडली. आत्याने करडीच्या आवाजात हाक मारून पाहिली. पिल्लाने कान दिला, वर पाहिले, आणि आत्या दिसताच चोच अधिकच घट्ट केली. दुपारी तिने लाज बाजूला ठेवून तांबूकाकाला बोलावले. तो आला, पण काठापर्यंत आला नाही. “काय म्हणू मी त्याला?” असे विचारून तो तिथेच उभा राहिला, आणि मग निघून गेला.

दुसऱ्या दिवशी नव्या अळ्या आल्या, आणि तिसऱ्या दिवशीही. दरबाराच्या व्यवस्थेत एकदा मंजूर झालेल्या घासाला खंड पडत नसे. घरट्याभोवती ढीग साचला. तळातल्या अळ्या काळ्या पडल्या. पाळी संपवून आलेले थव्यातले एकेकजण पिल्लापुढे जाऊन गयावया करून परतले. नदीपलीकडे निरोप पाठवला, तो पोचला की नाही कळले नाही, कारण निरोप नेणाऱ्याला कोतवालांनी बांधावर चौकशीसाठी थांबवून घेतले होते.

मग एक दुसरा पारखी आला, तरुण, तुकतुकीत तुऱ्याचा. पहिल्याने मंजूर केलेली घरटी पाहणे हे त्याचे काम होते. त्याने ढीग पाहिला.

“एवढं उरतं?”

“उरत नाही हो, साहेब. ते खात नाही.”

“खात नाही म्हणजे भूक नाही.”

“भूक आहे. माझ्या हातून खात नाही.”

“पण राखणदार तुम्हीच ना?”

आत्याने होकार दिला. पारख्याचा तुरा उभा राहिला. ढिगाकडे पुन्हा एकदा पाहून तो घाईने उडून गेला.

आत्याने ढिगाच्या वरची, अजून हिरवी असलेली एक अळी उचलली आणि काठावर बसली. पिल्लाला आता नीट उभे राहता येत नव्हते. त्याने डोळे उघडले, घासाकडे पाहिले, घास धरणाऱ्या चोचीकडे पाहिले, आणि शिकवले होते तसे, आपल्या उरल्यासुरल्या सगळ्या बळाने, तोंड मिटून घेतले.